सदतिसाव्या घरची कॉफी

ओइवा तोल्वानेनच्या आयुष्यात एका हिरव्या ठिपक्याने जेवढी उलथापालथ केली, तेवढी एकतीस हिवाळ्यांच्या बर्फाने मिळून केली नव्हती.

हा ठिपका म्हणजे तो स्वतःच होता. नोव्हेंबरात हाउकिनिएमी गावाच्या पालिकेने बर्फ काढणाऱ्या यंत्रांमध्ये एकेक डबी बसवली आणि कोणते यंत्र या घडीला कुठे आहे, हे फोनवरच्या नकाशात सगळ्या गावाला दिसू लागले. हेतू चांगला होता. ‘बर्फाचा नांगर कधी येणार?’ असे विचारणारे फोन बंद व्हावेत, एवढीच पालिकेची अपेक्षा होती. ते फोन बंद झालेही. त्यांच्या जागी दुसरे सुरू झाले, आणि त्यांत विचारणा होती की नांगर थांबलाय का?

कारण तो थांबत असे. बर्फ पडलेल्या प्रत्येक सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कोइवु गल्लीच्या टोकाला, लेम्पी रासिलाइनेनच्या घरासमोर, हिरवा ठिपका येऊन उभा राही आणि पंचवीस मिनिटे जागचा हलत नसे.

यामागची हकीकत साधी होती. नांगराचे पाते रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटत जाते, तेव्हा प्रत्येक घराच्या फाटकात त्या बर्फाचा एक बांध उभा राहतो. तो फोडणे हे घरमालकाचे काम, असा कायदाच आहे. आणि नांगरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालत तो फोडणे, हा रिवाज. सहा वर्षांपूर्वी लेम्पीचा नवरा गेला. त्या हिवाळ्यात ओइवाने तिला एकटीला फावडे घेऊन बांधाशी झुंजताना पाहिले. दुसऱ्या दिवशी तिच्या फाटकासमोर येताच त्याने पाते उचलले, बर्फ पुढे नेला आणि ओसाड जागेत सोडला. तिसऱ्या दिवशी लेम्पी कमरेवर हात ठेवून फाटकात उभी होती.

“माझा बांध कुठे गेला?”

“उचलला.”

“कुणी सांगितलं उचलायला?”

“कुणी नाही.”

तिने जरा वेळ विचार केला. “कॉफी जास्त झालीय,” ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

हे आमंत्रण होते हे कळायला ओइवाला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो आत गेला, आणि मग जातच राहिला. वेलदोडा घातलेला गोड पाव, म्हणजे पुल्ला, दोन कप कॉफी, खिडकीबाहेरची पाखरे. सहा हिवाळ्यांत त्या स्वयंपाकघरात दोघे मिळून फार तर शंभर वाक्ये बोलले असतील. त्यांतली निम्मी हवामानाबद्दल होती. यंदाच्या एप्रिलअखेर ओइवा निवृत्त होणार होता आणि त्यापूर्वी त्याला एकशे एकावे वाक्य बोलायचे होते. ते त्याने तयार ठेवले होते. घाई कशाची, अजून अख्खा हिवाळा पडलाय, असे तो स्वतःला सांगत होता. तेवढ्यात ठिपका आला.

तक्रार केली ती रेइनो सोर्सा मास्तरांनी. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या गावाला, ओइवालाही, त्यांनीच भागाकार शिकवलेला. जानेवारीत वाचनालयात सभा भरली, तेव्हा मास्तरांनी ठिपक्याच्या मुक्कामांचा आलेख भिंतीवर लावला. ओइवा शेवटच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. आता कॉफी बंद होणार, असे त्याने धरूनच ठेवले होते. पण कुणाची कॉफी बंद करण्याइतका रानटीपणा हाउकिनिएमीत कुणाच्या स्वप्नातही आला नसता.

“प्रश्न कॉफीचा नाही,” मास्तर म्हणाले. “एका नागरिकाच्या फाटकात पातं उचललं जातं आणि छत्तीस नागरिकांच्या फाटकात नाही. ही समानता म्हणायची का?”

रस्त्यांची मुकादम हिल्का कार्ना उठून उभी राहिली. ती आणि ओइवा शाळेत एका बाकावरचे. तिच्या कोटाच्या खिशात बर्फ मोजायची पट्टी कायम असे. लग्नातही होती म्हणतात. “मग मी काय करू, मास्तर? सगळ्यांच्याच दारात उचलायचं तर तो बर्फ टाकायचा कुठे? माझ्या डोक्यावर?”

“सगळ्यांच्या एकदम नाही. क्रमाने.”

आणि अशा रीतीने हाउकिनिएमीचा कॉफी-नियम जन्माला आला. कलम एक: आगाराच्या मागे जी मोजणीची फळी आहे, तिच्यावर चार सेंटिमीटर किंवा अधिक नवा बर्फ पडला तर नांगर निघेल. कलम दोन: अशा दिवशी क्रमाने एका घरापुढे पाते उचलले जाईल. कलम तीन: त्या घराने चालकाला एक कप कॉफी आणि एक पुल्ला द्यावा, मुदत दहा मिनिटे, दुसरा कप नाही. कलम चार: निसरड्यावर नुसती खडी टाकण्याच्या दिवशी कॉफी नाही. कलम पाच: पंधरा एप्रिलला, म्हणजे ट्रॅक्टरचा नांगर उतरवण्याच्या दिवशी, यादी संपेल, पुढच्या हिवाळ्यात ती पहिल्यापासून सुरू होईल.

सदतीस घरे होती. लेम्पीने सहा वर्षे लाभ घेतला असल्याने न्यायाच्या दृष्टीने तिचा क्रमांक शेवटचा. ठराव एकमताने मंजूर झाला. लेम्पी सभेला आली नव्हती. ओइवाला कुणी काही विचारले नाही, आणि विचारले नसताना बोलायची त्याला सवय नव्हती.

काम नसताना नुसते जाऊन तिचे दार का वाजवले नाही, असे एखाद्याला वाटेल. ज्याला वाटेल तो इकडच्या सावो प्रांतातला नव्हे. हातात अवजार, पार्सल किंवा निदान वाईट बातमी असल्याखेरीज कुणाच्या अंगणात पाऊल टाकायचे, ही कल्पना ओइवाला इतकी परकी होती की ती त्याला सुचलीच नाही. त्याच्याकडे नांगर होता, आणि नांगराला हवा होता बर्फ. त्याने हिशेब मांडला. सदतीस वेळा चार सेंटिमीटर. पडला पाहिजे.

मग त्याचा कॉफीदौरा सुरू झाला. गावाने ही गोष्ट मनावर घेतली होती. दुसऱ्या घरात पुल्ल्याऐवजी साल्मन माशाचे सूप निघाले, कारण ‘पुल्ला काय, सगळेच देतात’. पाचव्या घरात त्याला ओट्सची अशी एक वडी मिळाली, की तिचा एक तुकडा त्याच्या दाढेत थेट आठव्या घरापर्यंत टिकला. जोडघरात राहणारे व्हिल्ये आणि कालेवी हे सख्खे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, पण फाटक एकच होते. त्यांनी ओइवाला मधल्या भिंतीजवळच्या पायरीवर बसवून एका हातात एकाचा कप आणि दुसऱ्या हातात दुसऱ्याचा कप दिला.

“याला विचार, कुणाची चांगली आहे,” व्हिल्ये म्हणाला.

“याला सांग, मी विचारत नाही,” कालेवी म्हणाला.

ओइवाने दोन्ही कप एकाच वेळी संपवले आणि पट्टा एका भोकाने सैल केला. फेब्रुवारीत त्याला भोक पाडण्यासाठी खिळा वापरावा लागला.

विसावे घर मास्तरांचे होते. त्यांची कॉफी ओढ्याच्या पाण्यासारखी पारदर्शक होती. टेबलावर घड्याळ मांडून ते समोर बसले.

“ओइवा, खरं सांग. तिच्याकडे जे मिळतं, त्यातलं इथे काय कमी आहे?”

ओइवाने प्रामाणिकपणे विचार केला. “कमी काही नाही, मास्तर. जास्त आहे.”

“काय जास्त आहे?”

“बोलणं.”

“मग तिथे तुम्ही काय करता?”

“बसतो.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “पंचवीस मिनिटं?”

“कधी कधी पाखरं येतात,” ओइवा म्हणाला आणि खिडकीतून बाहेर पाहिले. “मास्तर, अजून सतरा वेळा पडेल का हो?”

तोच प्रश्न त्याने सोळाव्या घरात विचारला होता आणि तेराव्यातही. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. दहाव्या मिनिटाला घड्याळ वाजले, तेव्हा ते बंद करायचे त्यांना सुचले नाही. ओइवा गेल्यावर त्यांनी सभेत दाखवलेला आलेख घरच्या भिंतीवरून काढून खणात टाकला. पण ठराव झाला होता, आणि झालेला ठराव मोडायचा कसा हे गणितात शिकवत नाहीत.

त्या काळात लेम्पीच्या फाटकापुढून जाणे ओइवाच्या जिवावर येई. पाते खालीच ठेवावे लागे. आरशात मागे तिच्या फाटकात बांध उभा राहताना दिसे. ती फावडे घेऊन तयार असे. तो काच खाली करी.

“आज कितवं?” ती विचारी.

“एकोणतिसावं.”

“खायला बरं देतात का?”

“देतात.”

“दिसतंय,” असे त्याच्या पोटाकडे बघत म्हणून ती बांधाला फावडे मारी.

छत्तिसावे घर मार्चच्या अठ्ठाविसाव्या दिवशी झाले. दुसऱ्या दिवशी ऊन पडले. तिसऱ्या दिवशी वळचणी गळू लागल्या. एप्रिल उजाडला तो बिनढगांचा, आणि हंस परत आले. रात्री वितळलेले पाणी गोठे, सकाळी रस्त्यांची काच होई, आणि हिल्का त्याला खडी टाकायला पाठवी. खडीच्या दिवशी कॉफी नव्हती. ओइवा रोज हवामानाच्या बातम्या ऐके आणि ‘प्रसन्न आणि उबदार’ हे शब्द आले की एखाद्या घरात मृत्यूची बातमी आल्यासारखा रेडिओ हळूच बंद करी.

पंधरा एप्रिलला सकाळी आठ वाजता तो आगारात आला. नांगर दुपारी चारला उतरवायचा होता. फळी कोरडी होती. तिच्यावर एक फुलपाखरू पंख वाळवत बसले होते. ओइवाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग तो बर्फ उचलायच्या लोडरवर चढला.

फुटबॉलच्या मैदानामागे गावाचा बर्फटाका होता. हिवाळाभर रस्त्यांवरून उचललेला बर्फ तिथे दुमजली घराएवढा साचला होता, वरून खडीने काळाकुट्ट. ओइवाने वरचा थर बाजूला केला, आतला पांढराशुभ्र बर्फ बादलीभर घेतला आणि आगाराकडे परतला. फळीवर बादली नेऊन त्याने ती इतक्या हळुवार हलवली की बर्फ साखर भुरभुरावी तसा पडला. फुलपाखराला त्याने आधी हाताने उठवून कुंपणावर बसवले होते.

“ओइवा.”

मागे हिल्का उभी होती.

“हं.”

“काय करतोयस?”

एकतीस वर्षांत त्याने कामाच्या वहीत एक खोटा शब्द लिहिला नव्हता. त्याचे कान लाल झाले. “बर्फ पडला,” तो म्हणाला.

“कधी?”

“आत्ताच.”

“कुठे?”

“इथे.”

हिल्काने वर पाहिले. आकाश धुतलेल्या ताटलीसारखे निळे होते. मग तिने लोडरच्या बादलीकडे पाहिले. तिच्या कडेवरून एक थेंब टपकला. मग तिने ओइवाकडे पाहिले. इयत्ता तिसरीत याच मुलाने तिने फोडलेली दौत स्वतःच्या नावावर घेतली होती आणि तेव्हाही त्याचे कान असेच लाल झाले होते. तिने खिशातून पट्टी काढली, वाकून ती बर्फात उभी केली आणि डोळे बारीक केले.

“साडेचार सेंटिमीटर.”

“साडेचार?”

“कलम एकमध्ये ‘पडला तर’ असं आहे. कुठून पडला ते लिहिलेलं नाही. नांगर निघेल.” तिने पट्टी पुसली. “पण उघड्या डांबरावर पातं टाकून माझा रस्ता खरवडलास तर अहवाल मला लिहावा लागेल. रस्त्यावर बर्फ नाही, ओइवा.”

“मग मी काय करू?”

“मला काय विचारतोस? मी माप घेतलं, माझं काम झालं. जा लवकर, नाहीतर तुझं हे हवामान वितळेल.”

तो ट्रॅक्टर घेऊन निघाला खरा, पण काळजी त्याला खात होती. पाते टेकवायचे कशावर? नुसते उचलून धरले, तर ते उचलले असे म्हणता येईल का? अशा विचारात तो कोइवु गल्लीच्या वळणावर पोचला आणि त्याने करकचून ब्रेक दाबला.

गल्लीत गाव लोटले होते. लोडरचा हिरवा ठिपका सकाळी आठला बर्फटाक्याकडे गेला आणि तिथून आगारात आला, हे छत्तीस घरांनी पाहिले होते. आणि त्या छत्तीस घरांपैकी प्रत्येकाची कॉफी पिताना ओइवाने ‘अजून किती वेळा पडेल’ हे विचारले होते. अंगणांच्या उत्तरेकडच्या सावलीत जो काही मळकट बर्फ उरला होता, तो फावड्यांनी, टोपल्यांनी, घमेल्यांनी रस्त्यावर येत होता. एकाने मासे ठेवायच्या शीतपेटीतला आणला होता. व्हिल्ये आणि कालेवी एकच घसरगाडी ओढत होते, दोघेही दुसरीकडे बघत.

“याला सांग, दोरी सैल सोडू नकोस,” व्हिल्ये समोरच्या झाडाला म्हणाला.

“याला सांग, ओढतोय मीच,” कालेवीने त्याच झाडाला सांगितले.

सगळ्यांच्या मध्ये सोर्सा मास्तर हातगाडी घेऊन उभे होते. “थर सारखा ठेवा! तिकडे तीनच आहे! चार म्हणजे चार!”

ओइवाने काच खाली केली. “मास्तर, अंगणातला बर्फ रस्त्यावर टाकणं गुन्हा आहे.”

“मला सांगतोस? कलम पाठ आहे मला,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “तू बोलत बसू नकोस. ऊन बघ किती आहे ते.”

मग ओइवाने पाते खाली केले. तीस मीटर लांबीचा, पानगळीचा पाला, खडी, कुत्र्याचा हरवलेला चेंडू आणि माशांचे चार खवले असलेला बर्फ त्याने इतक्या निगुतीने लोटला, की तसा त्याने एकतीस वर्षांत लोटला नव्हता. टोकाच्या फाटकासमोर येताच त्याने पाते उचलले. फाटकात बांध पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तशी पद्धत नव्हती. सगळे फक्त आपापल्या फावड्यांकडे बघत उभे राहिले.

लेम्पी हाताची घडी घालून फाटकात उभी होती.

“गल्लीला वेड लागलंय का?”

“सदतिसावं,” ओइवा म्हणाला.

तिने रस्त्याकडे पाहिले, कडेला पडलेल्या काळपट ढिगाकडे पाहिले. “कॉफी जास्त झालीय,” ती म्हणाली.

स्वयंपाकघर होते तसेच होते. निळ्या काठाचा कप त्याच्या जागेवर पालथा ठेवलेला होता. तो उचलल्यावर खालच्या मेजपोशावर गोल खूण दिसली, कारण जानेवारीपासून तो तिथून कुणी हलवलाच नव्हता. पुल्ला गरम होता. दोघे बसले. पाखरे आली, गेली. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटे झाली, सात झाली.

नवव्या मिनिटाला ओइवाने घसा साफ केला. “मी तीस तारखेला निवृत्त होतोय.”

“ठाऊक आहे. पेपरात आलंय.”

“म्हणजे नांगर नसेल.”

“नसेल.”

“बर्फही नसेल.”

“मे महिन्यात सहसा नसतो.”

दहावे मिनिट झाले. ओइवाने टोपी उचलली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. तयार ठेवलेले वाक्य तीन महिन्यांच्या कॉफीत कुठेतरी विरघळून गेले होते. उरले तेवढे त्याने बोलून टाकले.

“नांगराशिवाय आलो तर?”

लेम्पी खिडकीबाहेर बघत होती आणि ओइवाला वाटले, की आपण फार मोठी चूक केली. उठावे म्हणून त्याने टेबलावर हात टेकला.

“हातात काय घेऊन येणार?” तिने विचारले.

“काही नाही. नुसता.”

“नुसतं कसं येईल माणूस? लोक काय म्हणतील?” तिने मागच्या दाराकडे बोट केले. “फावडं आणा. मागच्या अंगणात बटाटे लावायचेत. माझं मोडलंय, तुमचे बांध फोडून फोडून.”

“कुठलं आणू? चौकोनी की टोकदार?”

“दोन्ही आणा,” लेम्पी म्हणाली. “रोज एक.”

तिने किटली उचलली आणि कलम तीनकडे साफ दुर्लक्ष करून त्याचा कप पुन्हा भरला.

बाहेर रस्त्याच्या कडेला उभे असलेले छत्तीस घरांचे लोक आपापल्या फोनमध्ये ठिपका बघत होते. खिडकीतून ओइवा प्रत्यक्ष दिसत असूनही. एकाएकी ठिपका नाहीसा झाला आणि सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. मास्तरांनी आपला फोन हलवला, कानाशी धरला, व्हिल्येच्या फोनमध्ये डोकावले. तेवढ्यात ओइवाच्या खिशात कंप झाला. हिल्काचा निरोप होता: ‘नकाशा बिघडलाय. या हिवाळ्यात दुरुस्त होईलसं दिसत नाही.’

ओइवाने फोन टेबलावर उपडा ठेवला.

“काय म्हणतायत?” लेम्पीने विचारले.

“हवामान,” तो म्हणाला.

“बरं आहे का?”

“बरं आहे.”

आणि दोघे पाखरे बघत बसले.